खापरपणजोबांचं बारसं

ती. राजश्रीताईस विनीतचा नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण पावसच्या चढणींनी कंबर धरली ती अजून सुटलेली नाही.) भाऊजींची शुगर उतरली का? राहीची परीक्षा कशी गेली? इकडे आई बरी आहे. गुडघे तिचे दुखतात आणि ऐकायचं मी. कलमांवर यंदा आंबे कमी आणि माकडं जास्त.

आता मुद्दा. दिवाळीत भांडुपच्या सोफ्यावर बसून तू फर्मान काढलंस, की आपले खापरपणजोबा रघू यांचं चरित्र छापून शिमग्याला साऱ्या भावकीत वाटायचं. 'चार पानं तर लिहायचीत,' असं वर म्हणालीस. त्या चार पानांपायी माझी जी परवड झाली ती फोनवर सांगायला लागलो की तुझा कुकर शिट्टी देतो. म्हणून हे पत्र.

रघूबद्दल आपल्याला ठाऊक होतं काय? थोडी भातशेती, एक बैलजोडी, बायको कमळा आणि धाकटा भाऊ सखाराम. संपलं. (ओटीवरच्या फोटोतला फेटेवाला रघू नव्हे. तो कॅलेंडरातला कुणी संस्थानिक आहे. काच चांगली होती म्हणून बाबांनी टांगला, हे आईने मला परवा सांगितलं. चाळीस वर्षं मी त्याला हार घालतोय.) म्हणून मी गावच्या जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदी मिळवल्या. त्या मोडीत. मोडी वाचणारी ईशा म्हणून एक मुलगी देवरुखात भेटली. तिने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि फार हळुवारपणे म्हणाली, "काका, तुमचे रघू १८७३ साली वारले. त्यांचा मुलगा बाबाजी १८७८ साली जन्मला. हे कसं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे सगळंच उशिरा होतं." ती हसली नाही. तिने पुढचं वाचलं. मुलाची आई कमळा, बाप धाकू. या धाकूला बापाचं नाव नाही, गाव नाही, जणू फणसावरून पडलेला.

घरी येण्याआधी स्टँडवर चहा प्यायलो आणि तिथे हे बोललो, ही माझी चूक. मी वाडीत पोचायच्या आत बातमी महिपतदादाकडे पोचली. (दादा सखारामाच्या वंशातला, त्यामुळे पालखीचा पहिला खांदा त्याचा आणि शेवटचा शब्दही त्याचाच.) त्याने वाडीची बैठक बोलावली आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "कमळेनं दुसऱ्याशी पाट लावला. कोण कुठला धाकू! म्हणजे विनीतचं घर रघूचं नाय. मग शिमग्याला पालखी त्यांच्या अंगणात कशाला न्यायची?" ताई, मी तणतणत घरी आलो. आई रागावली नाही, ते जास्त वाईट. ती फक्त एवढंच म्हणाली, "पालखी येणार नाय, तर मी अंगण सारवू कोणासाठी?"

नोंदीत धाकूच्या नावापुढे बारीक अक्षरात एक ओळ होती: ओळख पटवणार गुलाम रसूल नाखवा, पावसनजीक. तेवढ्यावर मी निघालो. दोन एस.टी. बदलल्या, तिसरी चुकली. पहिल्या घरातला गुलाम रसूल कतारला. दुसऱ्या घरातला सहा वर्षांचा. तिसऱ्या घरात मला विमावाला समजून आतून कडी घातली. चौथ्या घराच्या पडवीत एक म्हातारी सुकट निवडत बसलेली. मी गावाचं नाव घेतलं, वंशावळ सांगायला तोंड उघडलं, तर तिनेच विचारलं, "मीठ आणायला गेलेल्याच्या घरचा काय रे तू?"

मी पायरीवर बसून वही काढली.

ही झुबेदाचाची. गुलाम रसूल नाखवा तिच्या पणजोबांचे वडील. त्यांचा मचवा खाडीतून संगमेश्वरच्या बंदरापर्यंत यायचा. आपला रघू तिथे मीठ आणायला गेला, हिरड्याची पोती चढवायला मदत केली आणि पोत्यांच्या सावलीत आडवा झाला. जाग आली तेव्हा जयगड मागे पडलं होतं. वारा सोडून मचवा वळवणं शक्य नव्हतं. पुढच्या खेपेला सोडतो, असं नाखवा म्हणाला. ती खेप मुंबई, मस्कत करत चार वर्षांनी आली. तोवर रघू मचव्यावर रांधत होता. (पहिले पंधरा दिवस सगळे आजारी होते म्हणे.) इकडे सखारामाने दोन वर्षं वाट पाहून दर्भाचा पुतळा जाळला आणि तेराव्याला गावजेवण घातलं.

रघूला घेऊन नाखवा स्वतः गावात आला. लोकांनी भूत म्हणून दारं लावून घेतली. नाखवा अंगणात उभा राहून ओरडला, "हा मेलेला असता तर माझ्या मचव्यावरचे तांदूळ कोणी संपवले?" मग एक दार उघडलं. कमळा बाहेर आली. तिने नवऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि एकच विचारलं, "मीठ?" त्याने खांद्यावरचं गाठोडं खाली ठेवलं. ते उचलून ती आत गेली आणि चूल पेटवली. (ताई, इथे चाचीने पाणी आणून दिलं.)

पण भटजी अडून बसले. तेरावं झालेला माणूस घरात घेता येत नाही, त्याला नव्याने जन्मावं लागेल. म्हणून फणसाच्या फांदीला घोंगडीची झोळी बांधली, तीस वर्षांच्या मिशाळ माणसाला आत घातलं आणि वाडीतल्या बायकांनी पाळणा म्हटला. दोर तुटला. नाव ठेवलं धाकू. मग कमळेशी पुन्हा लग्न. या खेपेला तिची अट होती, की मीठ ती स्वतः आणणार.

शिमग्याच्या बैठकीत मी हे सगळं वाचून दाखवलं, चाचीला फोनवर स्पीकरला ठेवून. महिपतदादा उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, "चुकलो. रघू तोच धाकू. काकी, अंगण सारवून ठेवा." आईने पदर डोळ्यांना लावला. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला चेव आला. म्हटलं, "रघू थोरला, सखाराम धाकटा. मग पालखीचा पहिला खांदा आमचा!" दादा म्हणाला, "कसा? तुझा माणूस नव्यानं जन्मला ना? मग तो सखारामाच्या पाठचा. बारसं तूच वाचलंस." सगळी वाडी हसली. आईसुद्धा! पुरावा मीच आणलेला, कंबर मोडून.

पालखी आली, अंगणात नाचली, पहिला खांदा त्यांचाच. तेव्हापासून वाडीत मला कोणी विनीत म्हणत नाही. शाळेतली पोरंही 'धाकूकाका' म्हणतात. यापुढे पूर्वज शोधायचे असतील तर तू स्वतः शोध. चरित्र सोबत आहे; यंदाचा शिमगा हुकला, आता पुढच्याला वाट. चारची अठरा पानं झाली.

तुझा वैतागलेला भाऊ,
विनीत

ता. क. – नाखव्याचं नाव पहिल्या पानावर आहे. ते गाळशील तर मी कधीच बोलणार नाही.

ता. क. २ – चाचीची नात आयात हिला मुंबईत नर्सिंगला प्रवेश मिळालाय. वसतिगृहात जागा दिवाळीनंतर. चाचीने विचारलं, तिकडे तुमचं कोणी आहे का? मी म्हटलं, माझ्या बहिणीचं घर ऐसपैस आहे. (ते दीड खोलीचं आहे हे मला ठाऊक आहे.)

ता. क. ३ – पाकिटावर तिकीट नाही हे तू पाहिलंच असशील. जिने ते तुझ्या हातात दिलं तीच आयात. तू पहिल्या ओळीपासून वाचत बसली असशील, तर ती अजून दारात उभी आहे. आधी तिला आत घे.