जस्ताची टाकी

अण्णा, आज आपण जिंकलो. उशिरा जिंकलो, पण भर वर्गात, साठ पोरांच्या देखत जिंकलो.

तुम्हाला आठवत असेल, मी दहावीत होते. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती आणि मी आवर्त सारणीची मधली ओळ घोकत होते, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, जस्त. तुम्ही चिकलठाण्याच्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा चढवण्याच्या, कारखान्यातून नुकतेच आला होता, नखांच्या कडा अजून हिरव्या होत्या. मी म्हणाले, हे सगळे संक्रमण धातू, यांचे क्षार रंगीत असतात. तुम्ही हात धुता धुता थांबलात. "जस्त नाय त्यांच्यातलं," म्हणालात. "तांब्याची टाकी निळी, निकलची हिरवी, क्रोमची नारिंगी. जस्ताची टाकी बघ, नुसतं पाणी. पंगतीला बसलं म्हणून घरचं होतंय का?" सातवी शिकलेला माणूस, पण टाकीपाशी उभं राहून वीस वर्षं काढलेली. मी चाचणीत जस्त गाळलं आणि सरांनी लाल शाईनं मार्क कापला.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अर्धी सुट्टी टाकून शाळेत आलात. आपली माणसं मार्कासाठी भांडायला जातात, तुम्ही माफी मागायला आलात. "सर, चूक माझी हाय, पोरीची नाय. मीच तिला उलटं सांगितलं." सर हसून म्हणाले, जस्त त्याच ओळीत आहे हो, तक्ता बघा. तुम्ही तक्ता बघितलात, मान हलवलीत. मी बाजूला उभी राहून तुमच्या चपलांवरचे डाग बघत होते आणि मला तुमची लाज वाटत होती. त्यानंतर तुम्ही माझ्या अभ्यासात कधी तोंड घातलं नाही. मला त्याचं बरंच वाटलं, हे आता लिहितानाही बोचतं.

आज बारावीच्या वर्गात मी चार चंचुपात्रं ओळीनं मांडली. निळं, हिरवं, नारिंगी आणि चौथं नितळ. देवगाव रंगारीहून येणारी एक पोरगी लई चुणचुणीत आहे. म्हणाली, "मॅडम, तक्त्यात तर जस्त त्याच ओळीत आहे, मग याला रंग का नाय?" मी फळ्यावर इलेक्ट्रॉनची घरं काढून दाखवली. निळ्या पाण्यातल्या तांब्याच्या आतल्या घरात दहापैकी एक जागा रिकामी असते, जस्ताचं घर दहाच्या दहा भरलेलं. बाहेरचे दोन इलेक्ट्रॉन गेले तरी आतलं हलत नाही. म्हणून ते ओळीच्या शेवटी बसतं खरं, पण काटेकोर व्याख्येनं संक्रमण धातू नव्हे. रंग हा काही पक्का पुरावा नाही अण्णा, ती नुसती खूण. पण खूण तुम्ही बरोबर ओळखली होती.

"हे कुठल्या पुस्तकात आहे, मॅडम?" तिनं विचारलं. इतकी वर्षं मी 'तज्ज्ञांच्या मते' म्हणत आले. आज म्हणाले, "पुस्तकात आहेच. पण मला आधी माझ्या वडिलांनी सांगितलं. ते चिकलठाण्यात प्लेटिंगचं काम करायचे." आणि पंगतीचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. पोरं खळखळून हसली, मग सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. साठ वह्यांत तुमचं वाक्य आहे, अण्णा. माझी छाती इतकी फुगली होती की तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही.

हे पत्र माझ्या जुन्या प्रयोगवहीत राहील, पाठवणार तरी कुठं. एक मात्र सांगायचं राहिलंय. तुमचं बरोबर होतं हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं, आणि तेव्हा तुम्ही होता. त्या संध्याकाळी तुम्ही ओट्याशी चहा पीत होता. "आज काय शिकवलं गं?" असं विचारलंतही. शाळेतल्या त्या दिवसाचा विषय पुन्हा निघेल म्हणून मी म्हणाले, "काही नाही अण्णा, नेहमीचंच."