सही नसलेल्या भेटी

ट्रेस फोर्क, केंटकी

श्री. प्रुइट यांस,

आमच्या वकिलांनी बजावलंय, हे पत्र पाठवायचं नाही. तरी लिहिते.

सरकारच्या मेडिकेअर आरोग्यविम्याचे तपासनीस म्हणून तुम्ही दोन दिवस आमच्या दवाखान्यात बसून डॉक्टर गेहार्टांच्या हजारो घरभेटींमधल्या तीस नोंदी तपासल्यात. नऊ नोंदींखाली डॉक्टरांची सही नव्हती. तेवढ्यावरून सहा वर्षांतल्या दर दहापैकी तीन भेटी तुम्ही खोट्या ठरवल्यात आणि मेडिकेअरचे पैसे परत मागितलेत. सुनावणीची तारीख मिळायच्या आधीच ते आमच्या चालू बिलांतून कापायलाही लागलात.

त्या नऊमधली एक भेट एल्डा स्लोनची. डॉक्टर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहीत होते. तेवढ्यात तिचा नवरा दारातून ओरडला, "डॉक्टर, मागे फिरा, हिचा श्वास अडकलाय." ते पेन टाकून धावले. बॅग घेऊन मागे मी, त्यांची नर्स, होते. एल्डा आज जिवंत आहे. हे मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही कॉफी ढवळत म्हणालात, "बाई, सही नाही म्हणजे भेट नाही."

ठीक आहे. मग मीही इथे सही करत नाही. म्हणजे हे पत्र कुणी लिहिलेलं नाही, आणि सोमवारी दवाखान्याला लागणारं कुलूपही कुणी लावलेलं नसेल.

आपली,