भट्टीतला पहिला पाव

मी खाली सही करणारी बाई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पाव भाजण्याचा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. चष्मा लागतो, पण अक्षर माझेच. कुणी धमकावलेले नाही की फूस लावलेली नाही. उलट वकीलसाहेब म्हणाले की आजी, एका पानात उरका, तेही मी ऐकलेले नाही. याआधी मृत्युपत्र केल्याचे आठवत नाही. केले असेल तर ते रद्द समजावे. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचे पिठाच्या पोत्यांवरच्या छापील अक्षरांनी आणि वाचनालयातल्या पुस्तकांनी शिकवले. चूकभूल पोटात घालावी.

कलम १. दुकानावरची खोली, आरशाच्या कपाटासकट, मी माझ्या सुनेला देते, तिच्या एकटीच्या नावे. या घरात कडी लावून रडता येईल अशी ती एकच जागा आहे. मी तिथे पुष्कळ रडले आहे, आता तिची सोय व्हावी.

कलम २. बँकेत जे निघेल ते नातीच्या पोटासाठी. लग्नासाठी नाही, दागिन्यांसाठी नाही. तिचा दवाखाना आणि तिला सोसेल ते धान्य, एवढ्यावरच खर्च करावे.

नात आठ वर्षांची आहे. घरात तिला खारूताई म्हणतात, कारण ती पावाचे तुकडे खणात, बुटात, उशीच्या अभ्र्यात लपवते. आम्ही सगळे तिच्यावर ओरडलो की चोरून खाऊ नकोस. परवा मी तिचा खण साफ केला तेव्हा कळले, ती चोरून खात नव्हती, चोरून टाकत होती. "आजी, पोटात दुखतं ना," एवढेच म्हणाली, आणि बाबांना सांगू नकोस म्हणून माझा पदर धरला.

कलम ३. जुना लोखंडी तराजू समोरच्या गिरणीवाल्याला. त्याच्याबद्दल माझ्या मनात एक अढी आहे, तीही सोबत देते. भरल्या दुकानात तो माझ्या धाकट्या बहिणीला म्हणाला होता, "भट्टीवाल्याची पोर, आणि फुंकरीने उडते." सगळे हसले. खरे सांगायचे तर मीही हसले, म्हणून या अढीतली अर्धी माझ्याकडेच ठेवते.

त्या बहिणीला आम्ही काडी म्हणायचो. खायची आमच्याइतकेच, अंगी काही लागायचे नाही. पोट फुगलेले, हातपाय सुतळीसारखे. दचकायची, रडायची, भट्टीचे दार वाजले तरी थरथरायची. वैद्य म्हणाले, मन कमकुवत आहे. वडील म्हणाले, नखरे आहेत. आणि आमच्या घरात आजारी माणसावर एकच इलाज होता, तो आजोबांपासून चालत आलेला. पहाटे भट्टीतून निघालेला पहिला पाव गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, घरातल्या आजाऱ्याला द्यायचा. त्यात भट्टीची सगळी ताकद असते म्हणे. काडीला तो पाव दोन वर्षे मिळाला. दुधात कुस्करून भरवायचे काम माझ्याकडे होते. ती तोंड फिरवायची. मी नाक दाबायचे. एकोणीस पुरी व्हायच्या आत ती गेली.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणतात, म्हणून लिहिले.

कलम ४. दुकान, भट्टी, पीठ मळायचे यंत्र आणि दुकानाची पाटी माझ्या मुलाला मिळावी, परंतु या अटीवर की माझ्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत त्याने आपल्या मुलीचे रक्त तपासून घ्यावे. न घेतल्यास दुकान विकावे आणि येणारे सर्व कलम २ मध्ये जमा करावे. वकीलसाहेबांनी दोनदा विचारले, पोटच्या मुलाला असे लिहायचे का? मी म्हटले, लिहायचे. त्याचा अर्थ कुणी नाइलाज किंवा वेडेपणा असा लावू नये.

कलम ५. हे कलम देण्याघेण्याचे नाही, कारणांचे आहे.

गेल्या वर्षी मला चक्कर आली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी निदान केले की गहू माझ्या आतड्यांना सोसत नाही, आणि सोसत नाही तो आजचा नाही, बहुधा जन्माचा. साठ वर्षे पाव भाजणारीला हे सांगायला धीर लागतो, त्यांनी तो दाखवला. नंतर मी वाचनालयातून पुस्तके आणली. मला समजले ते असे. आईबापांकडून आपल्या अंगात एक कृतीची वही येते. तिच्यात काय लिहिले आहे ते खोडता येत नाही. पण नुसत्या कृतीने पाव फुगत नाही. पाणी कसले, आच किती, पीठ कुठले, यावर ठरते. गहू न सोसण्याची खूण रक्तात असलेली माणसे पुष्कळ, त्यातली आजारी पडतात ती थोडी. कुणाला कधी उमटेल हे आधी सांगता येत नाही. आणि उमटली तरी औषध सोपे आहे, गहू सोडायचा. इतके सोपे की काडीची आठवण येऊन पुस्तक मिटावे लागते.

तिला हेच होते का, हे आता कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शक्यता आहे. मला तेवढी पुरते.

पाव सोडून मला आठ महिने झाले. हाताची थरथर गेली, झोप लागू लागली. आयुष्यभर मी स्वतःला घाबरट समजत होते. बाईंना विचारले, माझी काळजी रक्तातून आली की पोटातून की भट्टीपुढच्या उभ्या जन्मातून? त्या हसल्या. म्हणाल्या, "तिन्हीकडून थोडी थोडी आली असेल, आजी. वेगळी करून वजन नाही करता येत." ठीक आहे. पण पाव सुटला तरी नातीची काळजी काही सुटत नाही. म्हणजे ही काळजी पोटातली नाही, खरी आहे.

कारण पोर दर महिन्याला उतरते आहे. दोन महिन्यांपूर्वीच बाईंनी रक्त तपासायला सांगितले, आणि बजावले की तपासणी होईपर्यंत पाव बंद करू नका, नाहीतर रक्त खोटे बोलेल. दवाखान्यात तिने सुई पाहिली, परिचारिकेच्या हाताला चावली आणि रस्त्यावर पळाली. बाबा असतील तरच हात देईन, म्हणाली. आणि बाबा येत नाही. आज मालाची गाडी, उद्या भट्टीची डागडुजी. सुनेने विषय काढला की म्हणतो, भट्टीवाल्याच्या रक्ताला पीठ कसं चावेल? तोवर पोर रोज पाव खाते, आणि मी समोर बसून बघते. थांबवावे तर तपासणी फसते, न थांबवावे तर पोर झिजते. मागच्या सोमवारी सून तापाने पडली होती, म्हणून दुधात कुस्करून मीच भरवला. तिने तोंड फिरवले. त्यानंतर हा कागद लिहायला घेतला.

कलम ६. पहिला पाव आजाऱ्याला देण्याची रीत माझ्यापासून बंद करावी. आजाऱ्याला आधी विचारावे, काय सोसते. पहिला पाव वाटेल त्या गिऱ्हाइकाला विकावा. भट्टी रागावणार नाही, मी तिला ओळखते.

कलम ७. भट्टीत पाव सरकवायची लांब दांड्याची फळी मुलाला, कुठल्याही अटीशिवाय. तिच्यावर त्याच्या आजोबांच्या अंगठ्याचा खड्डा आहे, त्याचा अंगठा त्यात बरोबर बसतो. वारसा म्हणतात तो एवढाच असता तर फार बरे झाले असते.

पुरवणी. वरचे सर्व काल संध्याकाळपर्यंत लिहिले. कागद पिठाच्या टेबलावर परातीखाली ठेवला होता. विसरले असे म्हणणार होते, पण खोटे लिहायचे नाही असे वर म्हटले आहे.

आज दुपारी मुलगा जेवायला बसला. तो दुकानात पाव खात नाही, डब्यातला भात खातो. आम्ही चिडवतो, तो म्हणतो वासानेच पोट भरतं. वीस वर्षे मी हे ऐकते आहे. आज त्याने परात उचलली, कागद वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. भात तसाच राहिला. मग म्हणाला, "काडीमावशीचं तू कधी सांगितलं नाहीस."

मी म्हटले, "तू विचारलं नाहीस." तसे नव्हते. सांगायला तोंडच नव्हते.

तो अंगठ्याने टेबलावरचे पीठ गोळा करू लागला. म्हणाला, "माझ्या तोंडात फोड येतात. लग्नाच्या आधीपासून. पाव खाल्ला की जास्त. मी म्हटलं, भट्टीवालाच पाव खात नाही हे बाहेर कळलं तर पाव कोण घेईल? आणि पोरीला माझ्याकडूनच आलं असेल, तर..." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. घामाने शर्ट ओला होता. माझ्यासारखाच घाबरट निघाला, आणि मी त्याला निगरगट्ट समजत होते.

उठताना त्याने बाही कोपरापर्यंत वर केली. "उद्या आधी माझं रक्त काढायला सांगतो. ती बघेल, मग देईल हात."

सबब कलम ४ मधील अट मी स्वतःच्या हाताने खोडली आहे. दुकान आणि भट्टी मुलाला बिनशर्त. खोडलेल्या प्रत्येक ओळीवर माझी आणि दोन्ही साक्षीदारांची सही आहे. खाडाखोड दिसते म्हणून कुणी शंका घेऊ नये, आणि काय खोडले ते वाचता येत असेल तर वाचावे, मला लाज नाही.

तपासणीत काय निघेल ठाऊक नाही. रिपोर्ट शनिवारी. कलम २ खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत. तोवर मी असेन तर मी भरीन, नसेन तर मुलाने वेगळ्या कागदावर लिहून इथे टाचावे. आत्ता तो आत मुलीला सांगतो आहे की उद्या सुई बाबाला टोचणार, तू माझा हात धरायचास. ती विचारते आहे, बाबा, तुम्ही चावणार का?

ठिकाण: दुकानामागची खोली, पिठाचे टेबल.
दिनांक: ११ मार्च २०२५, मंगळवार.

लिहून देणार: भट्टीवाली आजी (सही)

आमच्यासमक्ष शुद्धीत सही केली:
साक्षीदार १: शेजारचा घड्याळजी (सही)
साक्षीदार २: समोरचा गिरणीवाला (सही). याने कलम ३ वाचले, टोपी काढली, आणि तराजू नको म्हणाला. साक्षीदाराला तसाही तो देता येत नाही, असे वकीलसाहेब सांगतात. तराजू नातीला. अढी मी सोडली.