ढब्बू अक्षरं

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

स. न. वि. वि. लिहिलं तर म्हणशील हिला काय झालं, म्हणून आपला साधाच नमस्कार. मी मजेत आहे. हे पत्र हाताने लिहितेय आणि अक्षर वाकडंतिकडं आलंय, ते बघून लगेच फोन उचलू नकोस. बातमी चांगली आहे. शेवटपर्यंत वाच, मग हवं तेवढं रागाव.

मागची सगळी पत्रं मी टाइप करून पाठवली. "बहिणीचं पत्र आहे की बँकेची नोटीस?" असं तू विचारलंस, तेव्हा मी कामाचं निमित्त पुढे केलं. काम होतंच म्हणा. मुलांच्या एका मासिकासाठी नवा टाइप, म्हणजे छपाईच्या अक्षरांचं नवं वळण करतेय, फक्त मथळ्यांसाठी आणि पोस्टरसाठी. त्याचं नाव ढब्बू. 'क'ला पोट सुटलंय, 'ह' पाय पसरून बसलाय, 'ळ' डोळे वटारतोय, आणि शिरोरेषेला मध्येच झोळ, ओले कपडे वाळत घातलेल्या दोरीसारखा. अख्खा लेख यात लावला तर वाचणारा घेरी येऊन पडेल. पण दोन-तीन शब्दांचा मथळा लावला की पान हसायला लागतं.

अक्षरं मी नेहमीसारखी ब्रशने कागदावर काढली. ती पुढे कॉम्प्युटरवर चढवतो तो माझा भागीदार. तो तर बघून वेडाच झाला.

"काय थरथरती कड आणलीयेस गं. कसं केलंस?"

"मुद्दाम केलंय," मी म्हणाले. "मेहनत आहे."

मुद्दाम कुठलं, ताई. मी रेघ सरळच काढत होते.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा हात थरथरतोय. ब्रश धरला की, कप उचलला की. आईचं कशापासून सुरू झालं होतं ते तुला सांगायला नको. आणि खरं सांगू, आजाराची भीती नंतर वाटली. आधी तू डोळ्यांपुढे आलीस. आईला उठवण्यात, भरवण्यात, तिची कूस बदलण्यात तुझी उमेदीची वर्षं गेली. आता कुठे तू पोहायला शिकतेयस, नाकात पाणी गेल्याचंही कौतुकाने सांगतेयस. त्यात मी तेच दुखणं घेऊन तुझ्या दारात उभी राहणार? म्हणून तू फोनवर "येऊ का?" विचारलंस की मी "छे, कशाला" म्हणून विषय बदलायचे. फोन ठेवल्यावर मात्र फार एकटं वाटायचं.

शेवटी परवा मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. हळू बोलणाऱ्या, शांत बाई. आईचं सगळं त्यांना सांगितलं. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मनगट फिरवून पाहिलं. मग कागद-पेन देऊन म्हणाल्या, "यावर एक वेटोळं काढा, आतून बाहेर."

काढलं. कड थरथरली. हाताला सवयच ती, मी लगेच कड जाड करून सुधारली, एक फट भरली, बाहेरचं टोक जरा निमुळतं केलं. डॉक्टर बघतच राहिल्या.

"अहो, हे काय चाललंय?"

"फिनिशिंग."

"मला सुंदर नकोय, बाई. मला तुमचा हात बघायचाय."

त्यांनी कागद काढून घेतला, दुसरा दिला, आणि मी परीक्षेत कॉपी करतेय अशा नजरेने शेजारी उभ्या राहिल्या. वाईट रेघ काढून तशीच सोडायची, हे मी आयुष्यात पहिल्यांदा केलं. फार जड गेलं गं.

मग म्हणाल्या, हाताने काढलेलं आणखी काही आहे का? पिशवीत ढब्बूचे कागद होते, ते टेबलावर पसरले. एकेक बघताना त्यांना हसूच यायला लागलं.

"आईंचं अक्षर शेवटी शेवटी कसं झालं होतं?"

बारीक, ताई. डब्यांवरच्या चिठ्ठ्यांवर 'साखर' मुंगीएवढं व्हायचं.

"त्यांच्या त्या कंपवातात अक्षर आक्रसत जातं. तुमचं तर कागदात मावत नाहीये. नुसतं एवढ्यावरून बोलत नाही मी, बाकीचंही सगळं तपासलंय. तुमचं दुखणं ते नव्हे."

काम करताना हात थरथरण्याचा हा वेगळाच प्रकार आहे म्हणे, पुष्कळांना असतो. पुरता जाणार नाही, कदाचित वाढेलही, पण गोळीने बराचसा आटोक्यात राहील. याने कुणी अंथरुणाला खिळत नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच खुर्चीत बसून रडले. त्यांनी पाणी दिलं, त्यातलं निम्मं मी अंगावर सांडलं, आणि मग दोघीही हसलो.

भागीदाराला काल खरं काय ते सांगितलं. त्याने ढब्बूचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग म्हणतो, "म्हणजे ठळक अक्षरांचा संचही तूच काढणार ना? माझा हात फार सरळ आहे." मेला. पण बरं वाटलं.

आता तू विचारशील, मला का सांगितलं नाहीस. रागाव, तुझा हक्कच आहे. पण पोहण्याचा क्लास बुडवून धावत येऊ नकोस. सुट्टी काढून सावकाश ये, नुसती पाहुणी म्हणून. उशिरापर्यंत झोप. चहा मी करीन, कप अर्धाच भरीन. कुणाला उठवायचं नाही, कुणाला भरवायचं नाही, रात्री कुणाच्या हाकेसाठी कान टवकारून पडायचं नाही.

तुझी धाकटी,
जिचं तुला काहीही करावं लागणार नाही