जागा आहे, या

मी, खाली सही करणारी, या गावात पर्यटकांना भाडे घेऊन घरात ठेवणारी पहिली बाई, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली नसताना माझ्या मालमत्तेची व्यवस्था लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. दडपणाबद्दल मला ओळखणाऱ्या कोणालाही विचारावे.

१. घर व धंदा. दोन्ही माझ्या स्वकष्टाचे. मुलाचे म्हणणे, माझ्यामागे धंदा गुंडाळून घर समोरच्या लॉजला विकावे. ते होऊ नये म्हणूनच हा खटाटोप. कलम चारमधली खोली सोडून दोन्ही मी सूनबाईला देत आहे. दारावरची "जागा आहे, या" ही पाटी मी कधीही उतरवलेली नाही. खोल्या भरल्या की घरच्यांना उठवायचे आणि त्यांच्या गाद्या पाहुण्यांना द्यायच्या, अशी आमची रीत. दार वाजले की बाकी सगळे म्हणतात, "परत?" सूनबाई एकटी विचारते, "किती जण आहेत, आई?"

२. दुर्बीण. ही धाकट्या दिरांना द्यावी. मी पहिले पाहुणे डोंगरावर नेले तेव्हा ते म्हणाले होते, "वहिनी, दगड आणि पाणी बघायला कोणी पैसे मोजतं का?" पुढे त्यांनीच समोर लॉज काढले आणि वर लिहिले, 'गावातील पहिले'. आमच्या दारात कोण उतरले हे पाहताना त्यांची मान फार ताणली जाते. या वयात ते बरे नाही.

३. जेवणाचे टेबल. हे जावईबापूंना द्यावे. ते मुलगी पाहायला आले त्या रात्री त्यांचीही गादी गेली. ते या टेबलावर झोपले आणि सकाळी तरीही होकार दिला. हा किस्सा ते प्रत्येक जेवणाला सांगतात. आता पुराव्यासकट सांगावा.

४. मुलगा. लहानपणी त्याला झोपेतच उचलून मी कुठेही नेऊन ठेवत असे. एकदा परीक्षेच्या सकाळी तो सापडेना. चादरींच्या कपाटात घोरत होता. घर विकावेसे त्याला का वाटते, हे मला कळते. माझा त्याच्यावर फार जीव आहे. पाहुण्यांच्या गडबडीत ते सांगायचे राहून गेले. म्हणून वरची कोपऱ्यातली खोली आणि तिथला शिसवी पलंग मी त्याला देत आहे. कितीही पाहुणे आले तरी त्या पलंगावरून त्याला कोणीही उठवू नये. सूनबाईनेसुद्धा नाही.

५. माझी खोली. मी गेल्यावर ती कुलूप लावून ठेवू नये, माझा फोटो तर मुळीच टांगू नये. चादर बदलावी, खिडकी उघडावी आणि पहिल्या येणाऱ्या पाहुण्याला ती द्यावी. तिथे कोण वारले हे त्याला सांगू नये, उगाच भाड्यात घासाघीस करेल.

हे मी स्वतः लिहिले, वाचले आणि मला पटले.

साक्षीदार: डॉक्टर, लॉन्ड्रीवाले. (साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, हे सही झाल्यावर सांगितले. दोघेही नाराज आहेत.)

सही: गावाची मॅनेजरबाई

तारीख: हंगामाचा पहिला रविवार

ठिकाण: स्वयंपाकघराचा ओटा. माझ्या खोलीत आज पाहुणे आहेत.