मागच्या कट्ट्यावरचा कप

अक्का, तुझी नात, म्हणजे माझी मुलगी, आता स्वतःच्या संसाराला लागली. मळमड्डीत भाड्यानं घर घेतलंय, आणि त्या घरासाठी एनॅमलची भांडी निवडायला आज मला हुबळीच्या बाजारात घेऊन गेली. पांढरी भांडी, निळी कड. आपल्या वेळी ती दवाखान्यात नाहीतर न्हाणीत दिसायची, आता लोक हौसेनं घेतात. न्हाणीघरासाठी बादली, साबणदाणी, पाण्याचा मग हे तिनं झटपट काढलं. स्वयंपाकघराच्या कपांपाशी मात्र तिचं मन ठरेना. एकेक उचलायची, टिचकी मारायची, कडेचा टवका उडालाय का ते बोटानं चाचपायची, आणि मी शेजारी उभा राहून घामाघूम होत होतो.

का, ते तुला ठाऊक आहे. जुन्या घरी मागच्या दाराबाहेर कट्ट्यावर तसला एक कप पालथा असायचा. अमरगोळहून आपल्या दुकानाचा माल घेऊन हमाल आले की त्यातून चहा प्यायचे, आपला आपण विसळायचे आणि पुन्हा पालथा घालायचे. तो कप उंबरा ओलांडून कधी आत आला नाही. ती रीत तूच पाळायचीस, आणि चहा मात्र त्यांना आपल्याइतकाच दाट द्यायचीस.

मग तुला लकवा मारला आणि मी तुला देशपांडे नगरच्या माझ्या घरी आणलं. तोंड एका बाजूला ओढलेलं, हात कापायचा, चिनी मातीचे कप फुटले. मी बाजारातून एनॅमलचा कप आणला आणि सगळ्यांना सांगितलं, हा पडला तरी फुटत नाही. कपाटात स्टीलचे ढीगभर पेले होते, तेही फुटत नव्हतेच. खरी गोष्ट अशी की तुझी लाळ गळायची आणि मला किळस यायची. आईची किळस. लिहितानाही मान वर होत नाही.

पहिल्याच दिवशी तू चहा संपवलास, भिंत धरत धरत मोरीपाशी गेलीस, चांगल्या हातानं कप विसळलास आणि मागच्या दाराबाहेर कट्ट्यावर पालथा घातलास. मी तो आत आणायला गेलो तर म्हणालीस, "असू दे तिथंच. त्याची जागा मला म्हाईत हाय." आणि मी तो तिथंच राहू दिला, तू होतीस तोवर.

मुलीला यातलं काही माहीत नाही. तेव्हा ती लहान होती, तुला टेकून बसायची, तिच्या डोळ्यांपुढं फक्त तू आणि तुझा तो कप. शेवटी आज तिनं तसलाच निवडला आणि म्हणाली, "आज्जीला असलाच आवडत होता, न्हवं अप्पा?"

मी म्हणालो, "होय की, लई."

तिला इतका आनंद झाला की तिनं आणखी एक उचलला, मी तिच्याकडं जाईन तेव्हा मला त्यातच चहा देणार म्हणाली. मी घाईघाईनं सांगितलं, मला काचेचाच बरा, हा हाताला पोळतो. पोळण्याचं काही नव्हतं, अक्का. उद्या माझाही हात कापायला लागेल, हे मनात आलं आणि मी घाबरलो. खरं तर हे तिला सांगायला हवं. तुला लिहितोय, कारण तू कुणाला दाखवणार नाहीस.