मर्लच्या निवडक पुंगळ्या

तीर्थस्वरूप क्लेअरभाऊजींस,

मर्लचा वाकून नमस्कार (गुडघ्यांचं तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा जेवढा वाकलो तेवढा गोड मानून घ्या). तुमचं पित्त, नॅडीनताईची कंबर आणि ॲरिझोनातलं ऊन, तिन्ही आटोक्यात असावीत अशी आशा करतो. इकडे पेनसिल्व्हेनियात सर्व क्षेम आहे. व्हर्नाचे टोमॅटो यंदा इतके आलेत की भरायला बरण्या पुरत नाहीत, आणि ज्या बरण्या होत्या त्यांत माझ्या पुंगळ्या आहेत, यावरून घरात थोडं वातावरण आहे. तो विषय पुढे येईलच.

पत्रास कारण की, दादांची बंदूक आपल्याच घरी राहिली! ताईला आधी हे वाचून दाखवा, मग पुढचं वाचा.

दादांनी जाताना ती बंदूक माझ्या नावे करायची सोडून तो विचित्र नियम का केला, हे मला पोटच्या पोराला कळलं नाही, तर तुम्हा जावयाला काय कळणार? दर सप्टेंबरात कुळाचा मेळावा भरायचा, शंभर यार्डांवर ज्याच्या पाच गोळ्या एकमेकींच्या सगळ्यांत जवळ बसतील त्याने ती वर्षभर सांभाळायची. आजवर मी ती सोडली नव्हती. पण यंदा आपला चुलतभाऊ डेल्मार इरेला पेटला होता. बंदूक आली की तो अक्रोडाचा दस्ता काढून त्या जागी पानाफुलांचं चित्र असलेला प्लॅस्टिकचा दस्ता बसवणार, असं त्याने चर्चच्या जेवणात, माझ्या पानात सूप वाढता वाढता, सांगितलं. भाऊजी, त्या दस्त्यावर दादांचा गाल टेकायचा ती जागा अजून गुळगुळीत आहे. मला सूप गेलं नाही.

त्यातून वसंत ऋतूपासून माझी बंदूक रुसलेली. एक गोळी चर्चच्या बाजूला, तर दुसरी दवाखान्याच्या. व्हर्नाचं म्हणणं, ‘अहो, चाप ओढताना तुम्ही डोळे गच्च मिटता आणि दचकता.’ (लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी ही बाई निशाणाकडे न पाहता माझ्याकडेच पाहते, यात मी काय समजायचं?) मी शांतपणे विचार केला. बंदूक दादांची, म्हणजे ती चुकणार नाही. नेम माझा, म्हणजे तोही चुकणार नाही. राहता राहिल्या पुंगळ्या. काडतुसाची ही पितळी पुंगळी एकदा उडाली की माणसं ती जमेल तशी पुन्हा भरतात, आणि मग गोळी भरकटली की वाऱ्याला बोल लावतात. मी ठरवलं की यंदा पुंगळ्यांना शिस्त लावायची.

सगळा उन्हाळा मी गॅरेजमध्ये काढला. आधी मक्याच्या कणसांच्या भुशात घालून पुंगळ्या पिंपात फिरवायच्या. ते पिंप दिवसभर असं खडखडतं, की पाद्रीबाबा घरी आले तेव्हा मध्येच थांबून त्यांनी आमच्या वॉशिंग मशीनसाठीही प्रार्थना केली. मग प्रत्येक पुंगळीची लांबी सारखी कापायची, मान आतून-बाहेरून तासून सगळीकडे सारखी जाड करायची, बुडाशी ठिणगीची टोपी बसते तो खळगा खरवडून काढायचा. मग मानेला ज्योतीचा शेक द्यायचा, म्हणजे पितळ मऊ होतं. शेक किती बसला ते रंगावरून कळतं आणि रंग अंधारातच दिसतो, म्हणून मी भरदुपारी खिडक्यांना ब्लँकेटं लावली. शेजारच्यांना वाटलं घरात कुणी गेलं. ते बटाट्याचं सॅलड घेऊन भेटायला आले. सॅलड मी ठेवून घेतलं.

मग वजनं. व्हर्नाचा पिठाचा काटा मी नुसता बघायला नेला होता, पण तो बघण्यात महिना गेला, आणि त्या महिन्यात तिने अंदाजपंचे केलेले काकवीचे केक चर्चमध्ये नेहमीपेक्षा जास्त खपले, याचा तिला फार राग आला. जड पुंगळ्या एका बरणीत, हलक्या दुसरीत, आणि ज्यांचा स्वभाव मला पटला नाही त्या तिसरीत. सगळ्यांत एक पुंगळी अशी निघाली की तिच्यात खोड म्हणून नाही. तिला पाहून माझं मन भरून आलं.

इथेच जरा गंमत झाली. गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते यंत्रावर जुळवायला आपण एक खोटं काडतूस करून ठेवतो ना, आत दारू नाही, बुडाशी टोपी नाही, नुसता नमुना? नमुना कसा, निर्दोष हवा. म्हणून मी तो त्या लाडक्या पुंगळीचाच केला. आणि मेळाव्याला निघताना सर्वांत देखणी काडतुसं निवडून डबीत भरली. सर्वांत देखणं कोणतं, ते तुम्हीच ओळखा.

दादांच्याच बंदुकीतून डेल्मारने आधी गोळ्या उडवल्या. त्याची काडतुसं दुकानातली, खोक्यातून काढली आणि घातली, ना शेक ना काटा. त्याची पाच छिद्रं लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली झाकली गेली. मग मी बसलो. सगळं कुळ मागे उभं. गाल दादांच्या जागी टेकवला, श्वास धरला, चाप ओढला, आणि नुसतं ‘टिक्’ झालं. आवाज नाही, धूर नाही, पण बंदूक मात्र माझ्या हातात बकरीसारखी उसळली, डोक्यावरची टोपी उडाली, आणि मी डोळे मिटून मागे झालो. (कानाशी माशी आली होती.) भाऊजी, एवढं हसू आपल्या कुळात दादांच्या लग्नानंतर झालं नसेल.

न उडालेलं काडतूस हिशेबात धरत नाहीत, हा दादांचाच नियम, म्हणून बरं. डेल्मार म्हणाला, ‘काय रे मर्ल, माशी मेली का?’ तेवढ्यात व्हर्नाने माझी डबी उचलली, मागे जाऊन डेल्मारशी काहीतरी खुसफुस केली आणि माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली. ‘आता एकेक काडतूस मी हातात देईन. खरं की खोटं ते सांगणार नाही. समोर बघायचं, मागे वळायचं नाही.’ काय उडेल आणि काय नाही हेच ठाऊक नसल्यावर माणूस कशाला दचकेल? बोटांना मात्र माझ्या पुंगळ्या लगेच ओळखू आल्या. तासलेल्या मानेचा तो रेशमासारखा स्पर्श दुकानच्या मालाला सात जन्मांत येणार नाही! पाचही गोळ्या अशा बसल्या की वर पाव डॉलरचं नाणं ठेवलं तर एकही छिद्र दिसेना. सिद्ध झालं, भाऊजी. सगळं पुंगळीत असतं. डेल्मारने मिठी मारून बंदूक माझ्या हातात दिली आणि मी रडलो, हे ताईला सांगायला हरकत नाही.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.

तुमचा मेहुणा,
मर्ल

ता. क. तुमच्याकडे पुंगळ्यांना आपोआप शेक देणारं ते यंत्र नुसतं पडून आहे असं ताई म्हणाली. पाठवाल का? पत्ता शेजाऱ्यांचा घाला. व्हर्नाला इतक्यात कळायला नको.

ता. क. दुसरा. भाऊजी, मी व्हर्ना. पत्र टाकायला मीच नेतेय, तेव्हा वाचलं. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने डबीत फुसकं काडतूस भरलं, त्याने बाकीच्यांत किती दारू घातली असेल कोण जाणे. जास्त झाली तर बंदूक तोंडावरच फुटायची. त्या भरवशावर मी त्यांचा चेहरा पणाला लावणार नव्हते. त्यांची काडतुसं माझ्या पिठाच्या डब्यात कुलपात आहेत. त्यांनी उडवली ती पाचही डेल्मारच्या खोक्यातली. रिकाम्या पुंगळ्या मीच उचलून ॲप्रनच्या खिशात टाकल्या. यंत्र खुशाल पाठवा, पण बरोबर तुम्हीही या आणि त्यांची सगळी काडतुसं उघडून परत नीट भरून घ्या. माझं ते ऐकत नाहीत. डेल्मारची काळजी करू नका. काडतुसं मागितली तेव्हा त्याने अख्खं खोकंच माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाला, ‘घ्या वहिनी, त्यालाच जिंकू दे. काकांची बंदूक माझ्याकडे आली, तर तिला भेटायला हा रोज माझ्याकडे येऊन बसेल.’